लढाईविरुद्धचं गाणं चौकात कसं उभं राहतं?

प्रश्न विचारलाय सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कलामंडळातल्या पोरापोरींनी. युक्रेन बघितलं, गाझा बघितलं, आपल्याकडे सीमेवर काही झालं की टीव्हीवर सुरू होणारा जल्लोषही बघितला. आता त्यांना युद्धाविरुद्धच्या गाण्यांचा कार्यक्रम चौकात करायचाय. पहिलं गाणं लिहून झालं तेव्हा सर म्हणाले, "हा अग्रलेख झाला." घरचे म्हणाले, "देशद्रोही ठरवतील, गप बसा." म्हणून त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्यात. मराठीत अशा गाण्याची परंपरा आहे का? लढाई चालू असताना पुढाऱ्यांवरचा राग नाव घेऊन काढावा का? आणि सैनिकाच्या घरच्यांना न दुखावता हे जमतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तो सुटला नाही तर बाकीचे दोन सोडवून उपयोग नाही.

तुमचं गाणं वाचलं. "सत्तापिपासू नेत्यांनो, थांबवा हा नरसंहार, मानवतेच्या रक्षणाचा करा आता निर्धार." यमक जुळलंय, चालही बसेल. पण कोण गेला, कुणाचा गेला, कुणी धाडला, यातलं काहीच त्यात नाही. नरसंहार या शब्दाला चेहरा नसतो. चौकात उभा असलेला माणूस हे ऐकून मान डोलावतो आणि पानपट्टीकडे वळतो. त्याच्याच शेजारी सांगोल्याचा नाहीतर मंगळवेढ्याचा एखादा माजी सैनिक उभा असतो. सोलापुरात कुठल्याही चौकात तो असतोच, बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला वॉचमन बहुतेक वेळा तोच. तो तुमचं 'नरसंहार' ऐकतो आणि त्याला वाटतं, ही पोरं मला खुनी म्हणतायत. तुमच्या मनात तसं नसतं, पण तुम्ही जागा मोकळी ठेवली की ऐकणारा ती आपल्या परीनं भरतो.

त्यामुळं माझ्या कलापथकात पक्का नियम आहे. गाण्याचं बोट निर्णय घेणाऱ्याकडं जाईल, हुकूम पाळणाऱ्याकडं कधीच नाही. आणि गाणं वस्तूपासून सुरू होईल, विचारापासून नाही.

वस्तू कुठली? सोलापूर स्टेशनवर सुट्टी संपवून निघालेला जवान बघा. त्याची काळी पत्र्याची पेटी असते. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं असतं. आई पेटीच्या कडेला बसलेली असते, एक हात पेटीवर. हा एवढा ऐवज गाण्याला पुरतो. मी त्यावर ओव्या बांधल्या, जात्याच्या चालीवर :

पहिली माझी ओवी गं, काळ्या पत्र्याच्या पेटीला
नंबर लिहिला पांढरा, नाव राहिलं पाठीला

दुसरी माझी ओवी गं, भिंतीवरल्या नकाशाला
छडी फिरते सायबाची, कोरड माझ्या घशाला

तिसरी माझी ओवी गं, तिसरी गाता गाईना
ज्यानं धाडलं लढाया, त्याचं लेकरू जाईना

यात युद्ध हा शब्द नाही, शांती नाही, नेता नाही. पुढाऱ्यांवरचा सगळा संताप तिसऱ्या ओवीच्या दुसऱ्या ओळीत आहे, आणि तो आईच्या तोंडी आहे. आईच्या तोंडच्या ओवीला देशद्रोही म्हणायची हिंमत सहसा कुणी करत नाही. माजी सैनिकच ही ओवी ऐकून सगळ्यात आधी मान हलवतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. पुढारी आणि त्याचं लेकरू हा हिशोब त्यांनी तुमच्या-माझ्या आधी मांडलेला असतो.

जगातही याच हिशोबावर पुष्कळ गाणी उभी आहेत. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडनं 1969 साली नेमका हाच मुद्दा घेऊन गाणं केलं. बड्यांच्या पोरांना सैन्यात जावं लागत नाही, मी कुणा बड्याचा पोरगा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या आधी अर्धशतक फ्रान्समध्ये काय झालं ते तर वाचण्यासारखं आहे. 1917 साली जनरल निव्हेल यानं मोठी चढाई लावली, माणसं ढिगानं मेली आणि पुष्कळ तुकड्यांनी पुन्हा पुढं जायला नकार दिला. त्या खंदकांतून क्राओन गावाचं गाणं फिरत होतं. कवी कोण, कुणालाच ठाऊक नाही. शेवटच्या कडव्यात शिपाई म्हणतो, ज्या धनदांडग्यांसाठी आम्ही मरतोय त्यांनी आता स्वतः डोंगरावर चढावं, लढाई हवी असेल तर किंमत त्यांनी आपल्या कातडीनं मोजावी. आणि चाल कुठली होती? त्या काळातल्या एका लोकप्रिय प्रेमगीताची. चाल सगळ्यांना येत होती म्हणून गाणं कागदाशिवाय खंदकाखंदकातून पोचलं. हा धडा लिहून ठेवा, चालीचा विषय पुढं येतोच आहे.

आता परंपरा. इथं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. पोवाडा हा जातीनं लढाईचा आहे. डफावर थाप पडली, तुणतुणं लागलं, झीलकऱ्यांनी "जी जी रं जी" उचललं की ऐकणाऱ्याचं रक्त तापतं, आणि ते तापावं म्हणूनच तो बांधलेला असतो. दत्ताजी शिंद्यांचं "बचेंगे तो और भी लडेंगे" शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पण त्यानंतर वर्षभरानं, 14 जानेवारी 1761 ला, पानिपतावर काय झालं, आणि ते का झालं, हे गाताना शाहिराचा आवाज बदलतो. फौजेबरोबर बायका-पोरं होती, यात्रेकरू होते, रसद तुटलेली, माणसं उपाशी. हे सगळं निर्णयांचं फळ होतं, शौर्यात कुठं कमी नव्हती. आणि पराभवाचा निरोप कसा आला? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे तुमच्या-माझ्या गावचा शिपाई, पखालजी, भिस्ती, घोड्याला दाणा घालणारा. सावकारी सांकेतिक भाषा होती, लिहिणाऱ्याच्या मनात कुणाचा अपमान नव्हता. तरी राजकारण लढाईकडं कसं बघतं, ते त्या एका ओळीत उघडं पडलंय.

तुमचं काम खुर्दा मोजण्याचं. मोत्यांवर पोवाडे भरपूर झालेत.

दुसरी परंपरा तमाशाची, आणि ती तुम्ही विसरलाय. पुढाऱ्याची टर उडवायला आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचं हत्यार तयार आहे : वगातला राजा, प्रधान आणि शिपाई. राजा म्हणतो चढाई करा, प्रधान म्हणतो महाराज खजिना रिकामा आहे, राजा म्हणतो मग तर करायलाच पाहिजे. शिपाई सोंगाड्या मधेच विचारतो, "म्हाराज, पुढं कोण हाय?" "शत्रू." "आन् मागं?" "आम्ही." "मंग मधी कोण?" इथं थांबायचं. उत्तर द्यायचं नाही, ढोलकीवाल्यानं एक ठेका द्यायचा आणि लोकांना हसू द्यायचं. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवाल-जवाबात, हे जितकं सहज बसतं तितकं गंभीर गाण्यात बसत नाही. तुमच्या कार्यक्रमात मला एकही हसायची जागा दिसली नाही. तासभर नुसतं रडवलं तर सोलापूरकर उठून जातो, आणि ते बरोबरच आहे.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. आपल्याच जिल्ह्यातले बार्शीचे अमर शेख, आणि त्यांच्याबरोबर अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. कामगारांच्या गाण्यांची आपली अख्खी परंपरा तिथून चालत येते. पण त्याच काळात अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, आणि तो लढा म्हणून सांगणारा पोवाडा आहे. हिटलरला अडवणाऱ्या शहराचं कौतुक आहे त्यात. रशिया त्यांनी पाहिला तो पुढं 1961 साली, पोवाडा आधीच मुंबईच्या गिरणगावात घुमून गेला होता. मग अण्णा भाऊ युद्धखोर होते का? असा प्रश्न चौकात कुणी तरी तुम्हाला विचारणारच. "शत्रू घरात घुसला तर ओव्या म्हणत बसू का?" हाही विचारणार. त्याचं उत्तर तुमच्याकडं गाणं लिहायच्या आधी पाहिजे, नाहीतर माईक हातात असूनही ततपप होते.

माझं उत्तर असं. मी सगळ्या लढायांविरुद्ध गात नाही. चढाईच्या हौसेविरुद्ध गातो, आणि दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर घेतलेल्या निर्णयाविरुद्ध गातो. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घ्या. 1938 साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं, आणि कोटणीस शस्त्रक्रियेची हत्यारं घेऊन आघाडीवर उभे राहिले. 1942 च्या डिसेंबरमध्ये तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. लढाईच्या ऐन तोंडावर जाऊनही माणूस लढाईचा भाट होत नाही, हे आमच्या गावच्या डॉक्टरानं दाखवलंय. तुमच्यावर कुणी पळपुटेपणाचा आरोप केला तर वाद घालू नका, कोटणीसांवर एक कडवं म्हणा. आणि लष्कराच्या ताब्यातलं गाव कसं असतं हे सोलापूरला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मे 1930 मध्ये इथं मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांजवळून रोज जाता, त्या चौघांची नावं कुठल्या कुठल्या समाजातली आहेत तेवढं बघा. तुमच्या कार्यक्रमाची नांदी तिथंच आहे.

आता नाव घ्यायचं का?

माझा कल 'नको' कडं आहे, आणि त्याचं कारण भीती नव्हे. नाव घेतलं की ऐकणारा लगेच पक्ष मोजायला लागतो. अर्धा चौक तुमचा, अर्धा तुमच्या विरुद्ध, आणि गाणं पुढच्या निवडणुकीबरोबर शिळं. अमेरिकेच्या पीट सीगरनं 1967 साली गाणं केलं. गोष्ट 1942 सालातली, सरावाची. कप्तान पलटणीला नदीत घालतो. सार्जंट म्हणतो, पाणी खोल आहे, मागं फिरू. कप्तान म्हणतो, पुढं चला. पाणी गुडघ्याला, कमरेला, मानेला. शेवटी कप्तान बुडतो आणि सार्जंट पोरांना परत फिरवतो. व्हिएतनाम हा शब्द नाही, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचं नाव नाही. तरी टीव्ही कंपनीनं ते कार्यक्रमातून कापलं, का कापलं ते देशाला कळलं, आणि पुढं फेब्रुवारी 1968 मध्ये ते दाखवावं लागलं. नाव न घेता सगळ्यांना ओळखू आलं. तंत्र बघा : पाणी चढत जातं आणि कप्तानाचं वाक्य तेच राहतं. पुढाऱ्याचा हट्ट दाखवायला याहून साधी युक्ती मला माहीत नाही. भीमेला पूर आलेला सोलापूर जिल्ह्यानं पाहिलाय, तुम्हाला नदी शोधायला लांब जायला नको.

अपवादही सांगतो. 4 मे 1970 ला ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. नील यंगनं लगोलग गाणं लिहिलं, त्याच महिन्यात रेकॉर्ड झालं, जूनमध्ये बाहेर पडलं, आणि त्यात निक्सनचं नाव थेट आहे. ताजी जखम, ठरावीक घटना, सरळ जबाबदारी : तिथं नाव शोभतं. तुमच्या गाण्यात यातलं काहीच नसताना नाव टाकणं म्हणजे टाळीसाठी टाकणं.

आणि एक तिसरा रस्ता आहे, मला सगळ्यात आवडणारा. बोरिस व्हियाननं 1954 साली फ्रेंचमध्ये गाणं लिहिलं ते राष्ट्राध्यक्षांना पत्र म्हणून. भाषा अगदी अदबीची : महोदय, मला भरतीचा कागद आलाय, मी काही तुम्हाला राग यावा म्हणून लिहीत नाही, पण मी जाणार नाही. मुलुजी या गायकानं ते पहिल्यांदा गायलं त्याच दिवशी, 7 मे ला, व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच फौज शरण गेली. रेडिओवर बंदी आली. गाण्याच्या शेवटाची गंमत ऐका. आधी व्हियाननं लिहिलं होतं की माझ्याकडं हत्यार आहे आणि मला चालवता येतं, हे तुमच्या शिपायांना कळवा. नंतर ते बदललं : माझ्याकडं हत्यार नसेल, त्यांनी खुशाल गोळी घालावी. एवढ्या एका बदलानं गाणं धमकीचं होता होता वाचलं.

हे आपल्याकडं कसं येईल? अर्ज! मराठी माणसाचा जन्म अर्ज करण्यात जातो. तहसीलला, महापालिकेला, विडी कामगारांच्या कार्ड-पासबुकासाठी. मग हा घ्या साचा : "प्रति, मा. साहेब यांस. विषय : मुलगा परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करते की, दिनांक अमुक रोजी आपण नेलेला माझा मुलगा चांगल्या स्थितीत परत करण्यात यावा. सोबत रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली आहे." हे सपाट आवाजात वाचायचं, मागं फक्त तुणतुणं. प्रत्येक कडव्याला उत्तर येतं, "अर्जात त्रुटी आहे." लोक आधी हसतात. तिसऱ्या त्रुटीनंतर हसत नाहीत. इथं पुढाऱ्याचं नाव नाही, शिवी नाही, आणि ज्यानं आयुष्यात एकदा जरी खिडकीसमोर रांग लावली असेल त्याला सगळं कळतं.

चालीबद्दल थोडं. नवी चाल बांधायच्या भानगडीत पडू नका, निदान पहिल्या कार्यक्रमात. ओवी, पाळणा, वासुदेव, भारूड, गोंधळ, हे सगळं लोकांच्या कानात आहे. पाळण्याच्या चालीत शवपेटीचं गाणं म्हटलं तर अंगावर काटा येतो, पण ते एकदाच करा, दुसऱ्यांदा केलं की युक्ती दिसते. सिनेमाच्या चाली टाळा. चौकात चालून जातं, पण व्हिडिओ टाकला की चालीच्या हक्कावरून साइटवाले आवाज बंद करून ठेवतात.

डफ जपून. मरणाच्या कडव्यावर डफ वाजला तर मरणसुद्धा पराक्रम वाटायला लागतं. तिथं डफ खाली, झीलकरी गप्प, नुसता एक आवाज. पुढाऱ्याच्या तोंडच्या ओळींना मात्र डफ द्या, जितका जोरात तितका चांगला, म्हणजे पोकळपणा ऐकू येतो.

आणि हे सोलापूर आहे, पुणे नव्हे. पूर्व भागात गाल तर समोर तेलुगू घरं, अक्कलकोटकडं कन्नड, विजापूर वेशीत उर्दू-दखनी. कडवी मराठीत राहू द्या, पण ध्रुपद असं ठेवा की भाषा आडवी येणार नाही. तुमच्या गटातल्या पद्मशाली पोरीला तिसरी ओवी तेलुगूत बसवायला सांगा, तिची आजी मदत करील. उर्दूसाठी हैदराबादच्या मख्दूम मोहिउद्दीन यांची 'जानेवाले सिपाही से पूछो' आहेच. 1960 च्या 'उसने कहा था' सिनेमात आली म्हणून जुन्या लोकांना ती पाठ असते. शिपायाला नुसतं विचारायचं, बाबा, कुठं चाललास? त्यात त्याच्यावर राग नाही, माया आहे. तुमच्या गाण्यात हाच सूर हवा होता.

शेवटी व्यवहार. पोलिसांची परवानगी लेखी काढा, स्पीकर रात्री दहाच्या आत बंद. वग बसवला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवायची तयारी ठेवा, त्याला वेळ लागतो. आणि निवेदन लिहून काढा, शब्द न् शब्द. गाण्यापेक्षा दोन गाण्यांच्या मधलं बोलणं माणसाला गोत्यात आणतं. डिक्सी चिक्स हा अमेरिकेतला तुफान चाललेला गट. 10 मार्च 2003 ला, इराकवर हल्ला व्हायच्या दहा दिवस आधी, लंडनच्या मंचावर त्यांची गायिका गाण्याआधी बोलता बोलता म्हणाली की आमचे राष्ट्राध्यक्ष टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. झालं, देशभरच्या रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली. 2007 साली त्यांना पाच ग्रॅमी मिळाले, पण मधली वर्षं कशी गेली असतील ते बघा. ती चुकली असं मी म्हणत नाही. पण जे बोलायचं ते ठरवून बोलावं, उत्साहाच्या भरात नको.

पहिला प्रयोग मोठ्या चौकात लावू नका. आधी विडी घरकुलात एखाद्या बोळात, संध्याकाळी बायका पानं कातरत बसलेल्या असतात तेव्हा, माईकशिवाय म्हणा. कातरी थांबली तर ते कडवं ठेवा. चालूच राहिली तर कापा. मग एखाद्या माजी सैनिकाला घरी जाऊन अर्जाचं गाणं ऐकवा, आणि पेटीवर नंबर आधी लिहितात की नाव, तेवढं त्यालाच विचारून घ्या. माझी पहिली ओवी त्याला पटली नाही तर खुशाल बदला.